आधी साखर, मग तीर्थ

कुरुदच्या तलावामागच्या मोकळ्या जागेत गुरुवारी उजाडल्यापासून रांग लागायची. कोजागिरी होऊन गेली होती, पहाटेचा गारवा सुरू झाला होता. पण मांडवाखाली माणसांच्या अंगाची ऊब साचलेली. भिलाईच्या स्टील प्लांटच्या सेक्टरांतून, कुम्हारीहून, पार राजनांदगावहून लोक आले होते. कुणाच्या पायाला पट्टी, कुणाच्या डोळ्यावर ऑपरेशनचा हिरवा चष्मा. आजार सगळ्यांचा एकच, साखर.

आणि समोर, झेंडूच्या माळांनी मढवलेल्या चौरंगावर, ती साखर काढून घेणारे शक्करहारी महाराज. दाढी काळीभोर, शाल गुलाबी, हातात बिनवायरीचा माईक. डोळे मिटून देवाशी बोलतानासुद्धा माईक ओठांपासून हलायचा नाही.

"शक्कर कहाँ रहती है?" महाराज विचारत.

"खून में!" लोक ओरडत.

"गलत! जबान में! जबान पाप का दरवाजा है. जिस दरवाजे से आयी, उसी से जायेगी. तीर्थ लो. गटकना नहीं! जबान पर घुमाओ... घुमाओ... अब निगलो. अब लो प्रसाद. बोलो, क्या लगा?"

पुढे मारोतराव उभे होते. साकोलीकडचे, प्लांटमधून निवृत्त झालेले, डाव्या पायाचा अंगठा पट्टीत गुंडाळलेला. त्यांनी प्रसादाची साखर जिभेवर ठेवली आणि त्यांचे डोळे मोठे झाले.

"माती! अरे देवा, रेती खाऊन राहिलो असं वाटते!"

"शक्कर गयी?"

"गयी!" अख्खा मांडव दणाणला.

त्यांच्यामागे दामिनी होती आणि दामिनीच्या मागे तिची आई, तारा.

शाळेत असताना दामिनीला हा आजार जडला. म्हाताऱ्यांना होतो तो नव्हे, मुलांना होतो तो. शरीर इन्सुलिन बनवतच नाही, बाहेरूनच द्यावं लागतं, जन्मभर. डॉक्टरांनी हे सांगितलं त्या दिवशी ताराने घरी येऊन देवापुढे दिवा लावला आणि साखर सोडली. पोरगी बरी होईस्तोवर जिभेला गोड लावायचं नाही. तेव्हापासून नैवेद्याला शिरा व्हायचा, संक्रांतीला तिळगूळ व्हायचा, पण ताराने कधी बोट चाटलं नाही. सकाळचं स्तोत्र, तुळशीला पाणी, गुरुवारचा उपास आणि दिवसातून चार वेळा लेकीची सुई, हे सगळं एका ओळीत बसून गेलं होतं. आताशा तिला आशाही वाटत नसे आणि भीतीही वाटत नसे.

दामिनीने तीर्थ घोळवलं, गिळलं, साखर खाल्ली. मग वळून आईकडे पाहिलं. "आई, सच में. काहीच नाई लागत. मिट्टी."

"सूई लेती हो, बेटी?" महाराजांनी विचारलं.

"जी. दिन में चार बार."

"अब किसको चुभाओगी? शक्कर तो गयी! सूई मतलब विश्वास की कमी." महाराजांचा आवाज एकदम मायेचा झाला. "प्यास लगेगी, पेशाब ज्यादा होगी, मशीन नंबर बड़ा दिखायेगी. घबराना नहीं. पुरानी शक्कर बाहर निकल रही है. माताजी, आप भी प्रसाद लीजिये."

"माझं गोड सोडलेलं आहे, महाराज. व्रत आहे."

"व्रतवाली माता!" महाराजांनी लगेच माईक उचलला. "सुना? इन्हीं के पुण्य से बेटी तर गयी! ये लो माता, तीर्थ की बोतल. घर में सबको देना."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिला मांडवात घेऊन आलेली शेजारची शालू पदराने डोळे पुसत होती. ताराने बाटली पिशवीत ठेवली. तिला रडू आलं नाही, आनंदही झाला नाही. एवढंच मनात आलं, की आता दुपारची सुई नाही. पोरीच्या जिभेला साखर माती लागली, आणि पोरगी खोटं बोलत नाही. आणखी काय पुरावा पाहिजे?

घरी आल्यावर दामिनी म्हणाली, "आई, पप्पा को मत बताना. ते आले की एकदम सरप्राइज देऊ."

"बरं," तारा म्हणाली. रात्री तिने फ्रिज उघडला तेव्हा इन्सुलिनची पेनं तिथेच दारात उभी होती. तिने दही घेतलं आणि दार लावलं.

*

धनंजय दुसऱ्या दिवशी नाशिकहून परतला. प्लांटमधली अधिकारीपदाची नोकरी संपल्यावर त्याने हा एकच छंद धरला होता, वाईनचा. दारूचा नव्हे, हे तो प्रत्येकाला सांगायचा, आणि ताराला ते प्रत्येक वेळी सारखंच ऐकू यायचं. दरवर्षी दसरा झाला की तो नाशिकच्या वायनऱ्या पाहायला जाई.

"या दिवसांत तिथं द्राक्षं तरी असतात का?" ती पूर्वी विचारायची.

"नसतात. छाटणी चालू असते, नुसत्या काड्या. म्हणूनच जायचं ना! गर्दी नसते. टाक्यांजवळ उभं राहून वाईन बनवणाऱ्याशी निवांत बोलता येते."

घरात दोघांचा एक तह होता. जुनवानीच्या त्या छोट्या घरात बाटल्यांचं कपाट देवघराच्या भिंतीला लागून नाही. आणि ज्या संध्याकाळी बाटली उघडायची, त्या संध्याकाळी धनंजयने आधी देवापुढे तीर्थ घ्यायचं. "तुझं आधी, माझं नंतर," असं म्हणत तो न चुकता हात पुढे करी.

त्या शुक्रवारी संध्याकाळी भूषण आणि त्याची बायको शिल्पा आले. भूषण पूर्वी धनंजयच्या हाताखाली होता, अजून त्याला सर म्हणायचा. दिवाणखान्यात टेबलावर तीन बाटल्या, तिन्हींना धनंजयचे जुने मोजे चढवलेले.

"हे मोजे कावून, सर?" भूषण हसला.

"नाव वाचलं की जीभ नावाप्रमाणं बोलाले लागते. झाकून चाखायचं. शिल्पा, तू बाटल्यांची जागा बदल, मी आत जाऊन येतो."

देवघरात ताराने पळीने तीर्थ दिलं. महाराजांच्या बाटलीतलं. घरात सगळ्यांना द्यायला सांगितलं होतं. धनंजयने सवयीप्रमाणे ते तोंडात घोळवलं, सगळ्या बाजूंनी फिरवलं, मग गिळलं.

"आज कडवट लागून राहिलं, तारा."

"तुळस जास्त पडली," ती म्हणाली.

दामिनी खोलीत पडून होती. दिवसभर ती पाणी पीत होती, दुपारी एकदा उलटी झाली होती. पुरानी शक्कर, ताराने मनाशी म्हटलं होतं. दुसऱ्यांदा म्हणताना ते शब्द आधीसारखे वाटले नव्हते, पण त्यांच्याजागी दुसरे शब्द सुचले नाहीत.

बाहेर शिल्पाने पहिली वाईन ओतली. धनंजयने पेला फिरवला, नाक घातलं, डोळे मिटले. "वास सुंदर. मध, जर्दाळू." मग घोट घेतला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "छे. वासात आहे ते तोंडात नाही. नुसती आंबट. पाण्यात लिंबू पिळल्यासारखी."

भूषण आणि शिल्पाने एकमेकांकडे पाहिलं.

"सर, मजाक करून राहिले का? हे तर गुळाच्या पाकासारखी गोड हाय."

"गोड?"

"लय गोड," शिल्पा म्हणाली. "मले तर जास्तच वाटते."

मोजा काढला. ती तीच बाटली होती, जिचं कौतुक धनंजय आल्यापासून करत होता. वेलीवर सुकत ठेवून उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, मुद्दाम गोड राखलेली. धनंजयने पुन्हा घोट घेतला. पुन्हा आंबट. शिल्पाने आणलेल्या डब्यातला पेढा उचलून त्याने तोंडात टाकला, चावला आणि थांबला.

"माती," तो म्हणाला. "भूषण, माझी जीभ गेली रे. हा पेढा मले मातीसारखा लागून राहिला."

तारा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. माती. तोच शब्द. तिचं डोकं हळू चाललं, ओल्या गोधडीखालून हात बाहेर काढावा तसं. यांना साखरेचा आजार नाही. कधीच नव्हता. मग यांच्या अंगातून काय गेलं? भूषणने तीर्थ घेतलं नाही, त्याला गोड लागलं. यांनी घेतलं...

तेवढ्यात दामिनी पाण्याचा जग घेऊन खोलीतून बाहेर आली आणि वडिलांच्या खुर्चीमागून गेली. धनंजयने मान वर केली.

"हा वास कशाचा? नेलपॉलिश काढायचं औषध कोणी उघडलं?" त्याने एकेक पेला नाकाशी नेला. "वाईन बिघडली की असा वास मारते. पण पेल्यात तर नाही..." आणि तो एकदम उठला. "दामिनी, इकडं ये. श्वास सोड."

"पप्पा, क्या कर रहे हो? मेहमान आहे."

"श्वास सोड!"

तिने सोडला. श्वास खोल होता, धापेसारखा, आणि त्याला उतरलेल्या सफरचंदाचा वास होता. धनंजयला तो ठाऊक होता. तिला पहिल्यांदा दवाखान्यात नेलं, त्या दिवशीही तिच्या तोंडाला हाच वास होता.

"इंजेक्शन घेतलं होतं?"

दामिनीने आईकडे पाहिलं.

"नाई घेतलं," तारा म्हणाली. "काल दुपारपासून एकही नाई. मीच घेऊ देलं नाई."

भूषणने गाडीची किल्ली उचलली.

*

दवाखान्यात डॉक्टर गीतांजलींनी सलाईन लावलं, इन्सुलिन सुरू केलं आणि बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. वयाने लहानच, पण दामिनीला त्याच तपासायच्या.

"रक्तात आम्ल वाढलं होतं. सकाळपर्यंत थांबला असता, तर मी तुमच्याशी वेगळं बोलत असते. पण आली वेळेत. सुई कशामुळे बंद केली?"

ताराने सगळं सांगितलं. सांगताना आवाज चढला नाही, की फुटला नाही. पदर नीट करून, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं सांगितलं. शेवटी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली.

"कडू लागतं, आणि नंतर गोड लागत नाही?" डॉक्टर म्हणाल्या. "तपासल्याशिवाय खात्रीने सांगणार नाही, पण गुडमार असेल. जंगलातली वेल आहे, आपल्याकडेही होते. पाल्याचा रस जिभेवर फिरवला की जिभेला गोड कळतच नाही, अर्धा-पाऊण तास. आजार असो, नसो. रक्तातली साखर आहे तिथेच राहते."

धनंजय बाकावर बसला होता. तो ओरडेल असं ताराला वाटलं होतं. तो हळूच बोलला.

"तारा, आम्ही वाईन चाखायच्या आधी काय करतो? पाणी पितो, कोरडं बिस्किट खातो, जीभ कोरी करतो. जीभ कोरी नसली तर तिची साक्ष खोटी. त्या मांडवात एवढे लोक. एकाचीही जीभ कोरी नसेल?"

"नसते," तारा म्हणाली. "तीर्थाच्या आधी प्रसाद कोणी घेत नाई."

"कोणीच नाही?"

"कोणीच नाई. लहान लेकरूही घेत नाई. आधी तीर्थ, मग प्रसाद. आमाले कोणी सांगा लागत नाई." तिने टेबलावरच्या बाटलीकडे बोट दाखवलं. "त्याले ते ठाऊक हाय. त्यानं काहीच नवीन केलं नाई. आमच्याच रीतीच्या मधोमध बसला तो."

*

पुढच्या गुरुवारी पहाटे ताराने दिवा लावला आणि देवाला सांगितलं, की आज चिमूटभर साखर खाईन; रागवायचं तर माझ्यावर रागव. मग ती कुरुदला गेली. दामिनी दवाखान्यातून घरी आली होती आणि हट्टाने बरोबर आली. धनंजय आणि भूषण मांडवाच्या कडेला उभे राहिले. ताराने त्यांना पुढे येऊ दिलं नाही. "तुम्ही बोलले तर लोक म्हणतील, दारू पिणारे आले. मले बोलू द्या."

महाराजांनी तिला ओळखलं. "आ गयी व्रतवाली माता! बेटी कैसी है?"

"दवाखान्यातून आणली," तारा म्हणाली. माईक तिच्याकडे वळला होता, त्यामुळे तिचा मऊ आवाजही शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"विश्वास कम पड़ गया होगा," महाराज गडबडले नाहीत. "तीर्थ लो, माता."

तारा तीर्थाच्या भांड्यापुढून सरकली, प्रसादाच्या ताटाशी गेली आणि साखर उचलून तोंडात टाकली. इतक्या वर्षांनी. तिला वाटलं होतं, काहीतरी होईल. काही झालं नाही. फक्त साखर गोड होती.

"गोड आहे," ती म्हणाली.

"तीर्थ से पहले प्रसाद? घोर पाप!"

"आता तीर्थ घेते." तिने ओंजळीत घेतलं, सांगितल्याप्रमाणे जिभेवर घुमवलं, गिळलं. पुन्हा साखर घेतली. "आता माती. मले साखरेचा आजार नाई, महाराज. रिपोर्ट आहे. माझ्या अंगातून काय गेलं, सांगा."

"माता का व्रत टूटा!" महाराज लोकांकडे वळले. "देखा? व्रत टूटा, तो तीर्थ उलटा हो गया!"

"मोडलं माझं व्रत, कबूल. माझं मी देवाशी पाहीन. मारोतरावांचं कोणतं व्रत होतं? त्यांना आज आधी साखर द्या."

मारोतराव रांगेतच होते. पट्टी आता घोट्यापर्यंत चढली होती. त्यांनी एकदा महाराजांकडे पाहिलं, एकदा ताराकडे. मग काठी काखेत धरून ताटाकडे हात नेला. महाराजांच्या माणसाने ताट मागे ओढलं.

"कावून ओढतं बे?" मागून कोणीतरी ओरडलं. "गेल्या गुरुवारी तर ओंजळ भरून देत होता!"

"घेऊ दे बुढ्याले!"

मारोतरावांनी घेतली. तोंड हलवलं.

"काय लागलं, काका?" शालूने विचारलं.

"गोड," ते म्हणाले. "पहिल्यासारखीच गोड." आणि मग, कोणालाच नाही असं, "म्या तर दवाईच्या गोळ्या नालीत फेकून देल्या ना."

त्यानंतर रांग राहिली नाही. बाया-माणसं ताटावर पडली. आधी साखर, मग तीर्थ, मग पुन्हा साखर. "गोड!" "आता माती!" "अन् मले तर बिमारीच नाई, तरी माती!" जो तो दुसऱ्याला चाखवत होता. दोघंचौघं मात्र कानावर हात ठेवून चौरंगापुढे बसून राहिली. महाराज माईकमधून काहीतरी म्हणत होते, वातावरण अशुद्ध, अगले गुरुवार. बोलता बोलता त्यांनी शाल सावरली आणि मांडवाच्या मागच्या बाजूने गाडीकडे निघाले. भूषणने पोलिसांना फोन लावला होता. तीर्थाचं भांडं उचलायला महाराजांचा माणूस परत आला, तेव्हा पोलिस येईस्तोवर ते हलू नये म्हणून त्यावर झाकण घालून शालू बसली होती.

धनंजयने मारोतरावांना गाडीत घेतलं, दवाखान्यात न्यायला. शालू ताराजवळ आली. तिचा चेहरा उतरला होता.

"ताई, मग आता तीर्थ-प्रसाद मानाचा का नाई? देवाले हात जोडाचे का नाई?"

"जोड ना," तारा म्हणाली. "मी संध्याकाळी जोडीनच. पण देव कोणाची दवाई बंद करत नाई, शालू. जो म्हणेल बंद कर, त्याले आधी विचार: कोऱ्या जिभेनं चाखू देतं का? रक्त तपासू देतं का? डॉक्टरले दाखवू देतं का? जो तपासू देत नाई, त्याच्याजवळ देव नसते. काहीतरी झाकलेलं असते. श्रद्धा ठेव तू, पण डोळे उघडे ठेवून ठेव. मी मिटून ठेवले होते. या पोरीचा जीव जात होता."

दामिनीने तिचा हात धरला. तिची सुईची वेळ झाली होती. मांडवाच्या खांबाशी उभं राहून, लोकांसमोर, तिने कुर्ता जरा वर करून स्वतःच टोचून घेतलं. दोन बाया नीट पाहत होत्या. "दुखते का वं?" एकीने विचारलं. "थोडं," दामिनी म्हणाली.

मग दोघी रस्त्यावर येऊन ऑटोची वाट पाहत थांबल्या. ताराच्या मुठीत ताटातली थोडी साखर उरली होती. तिने तिच्यातली चिमूट तोंडात टाकली. नुसती खरखर. काही वेळाने पुन्हा टाकली. खरखर.

"आई, कुछ लगा?"

"नाई अजून."

कुम्हारीकडून आलेली बस धूळ उडवत गेली. एक ऑटो भरलेला होता, त्यांनी तो सोडला. ताराने पुन्हा चिमूट घेतली, आणि या वेळी जिभेच्या एका कडेला, अगदी बारीक, काहीतरी लागलं. ते खरंच गोड आहे का, हे नीट कळेपर्यंत ती थांबून राहिली.